सुईत दोरा ओवणारा वादळवीर

प्रिय खारुताई,

पेन्सिलींची टोकं कुरतडून ठेवणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? आता तू चित्रकथेतला वादळवीर काढतेस, मोठी चित्रकार झालीस, तरी सुट्टीत येऊन गेलीस की माझ्या टेबलावरच्या पेन्सिली सांगतात कोण बसलं होतं ते. आई बरी आहे. बाल्कनीतला नळ गळत होता, तो मी दुरुस्त केला. तेव्हापासून तो जास्त गळतो. यावर आईचं म्हणणं काय आहे, ते तुला फोनवर ऐकायला मिळालंच असेल.

तुझा अंक वाचला. उगाच शब्द फिरवत बसत नाही, अंक फसलाय. मी तो आपल्या कोपऱ्यावरच्या मासिकवाल्याकडून विकत घेतला. तू पाठवलेला होता घरात, पण दुकानात तो टांगलेला बघायचा होता मला. मासिकवाला माझी ओळख विसरलेला. मला वादळवीराचा कोणी जुना वाचक समजून मोकळेपणाने म्हणाला, की यावेळी मजा नाही आली, गडी नुसता दगडाचा वाटतो. मी म्हणालो, ‘‘खरं आहे. चित्रं माझ्या मुलीची आहेत. अजून दोन द्या.’’ बिचारा इतका गोंधळला की सुट्टे द्यायचे विसरला. मी छाती काढून घरी आलो. जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनाही एक अंक दिला, आणि तो कसा फसलाय तेही सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

तुला वाटेल, म्हातारा चळला. अगं, पण फसलेला अंक कोणाच्या वाट्याला येतो? ज्याच्या हातात वादळवीर दिलाय त्याच्याच ना? मी वादळवीरावर काम करायचो तेव्हाची चित्रखोलीतली आमची रीत आठवते का तुला? अंक गाजला की तो कपाटात जायचा. फसला की त्याचं मुखपृष्ठ चित्रकाराने स्वतःच्या हाताने टेबलासमोर टांगायचं, पुढचा अंक छापून येईपर्यंत. लाज म्हणून नाही हं. आमचे थोरले चित्रकार म्हणायचे, या भिंतीवर जागा मिळायला आधी या खोलीत जागा मिळावी लागते. त्यांची स्वतःची कितीतरी मुखपृष्ठं तिथे लटकून गेली. समुद्राखालच्या लढाईच्या अंकात तर त्यांनी वादळवीराला दोन्ही हात डावे काढले होते आणि मी डोळे झाकून त्यावर शाई चढवली होती. वाचकांची पत्रं आली, तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि मुखपृष्ठ टांगलं. तुझं मी माझ्या टेबलासमोर टांगलंय. कॅलेंडर हलवावं लागलं, त्यावरूनही ऐकून घेतलंय.

आता अंक का फसला ते सांगतो, कारण हे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. सगळे म्हणतात, तू थोरल्यांची नक्कल केलीस. साफ चूक. थोरले पेन्सिलने काढायचे, मी ब्रशने त्यावर शाई करायचो. त्यांची रेघ एकसारखी, शांत. जबड्याखाली जाड होऊन मानेपाशी केसासारखी बारीक होत जाणारी जी रेघ लोकांना त्यांची वाटते, ती माझ्या ब्रशची. तुझ्या पानापानावर मला तीच सापडली. आधी हसू आलं, मग चष्मा पुसावा लागला. काढायला बसलीस वादळवीर, आणि त्याच्या अंगात उतरवलीस बापाची रेघ! पण बाळा, ती ब्रशची रेघ आहे, एका दमात ओढायची. तू ती पेन्सिलने जपून जपून, खोडून खोडून काढलीस. मग तो गडी दगडाचा होणार नाही तर काय होणार? प्रेमापोटी बिघडलेला अंक म्हणजे फार वाईट नव्हे, पण वाचकाने त्याचे पैसे का द्यावेत?

शेवटून दुसरं पान मात्र वेगळं आहे. लढाई संपलीय, वादळवीर पलंगावर बसून फाटलेला अंगरखा शिवतोय आणि त्याला सुईत दोरा ओवता येत नाहीये. एक डोळा मिटलेला, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. इतक्या वर्षांत आम्ही त्याच्याकडून डोंगर उचलवले, पण त्याला असं घरी बसलेलं आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. तिथे माझी रेघ नाही. थोरल्यांचीही नाही. आई ते पान बघत बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘‘ही जीभ माझी आहे.’’ आणि फणकाऱ्याने आत गेली. आता रोज दुपारी चष्मा लावून तेच पान काढून बसते. मला तुझा किती अभिमान वाटतो ते या पानावर बोट ठेवून सांगायचं होतं, म्हणून एवढं पाल्हाळ.

एवढंच नाही म्हणा. तू सोमवारी संपादकांना भेटून वादळवीर सोडणार आहेस, हे मला ठाऊक आहे. बाबांना सांगू नकोस म्हणून आईला बजावलं होतंस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून तू तिला सांगितलंस, म्हणजे मला कळावं असंच तुझ्या मनात असणार. काल संपादकांचा मला फोन आला होता. तुझ्या अंकाला शाई करणारे गृहस्थ दुसऱ्या मालिकेवर गेले, पुढचा अंक मी करीन का, असं विचारत होते. मी म्हणालो, चित्रकार बाईंना विचारून सांगतो. तर विचारतो. हात अजून कापत नाही, ब्रश परवाच धुऊन ठेवलेत. अट एकच, माझी रेघ तू काढायची नाहीस. ती माझ्यावर सोड. तू त्या सुई-दोऱ्यासारखी माणसं काढ. पहिल्या पानावर चित्रकाराचं नाव वर असतं, शाईवाल्याचं त्याखाली. जन्मभर मी थोरल्यांच्या नावाखाली मानाने उभा राहिलो. आता तुझ्या नावाखाली उभं राहायचंय. एकाखाली एक तेच आडनाव बघून वाचकांना छापताना चूक झाली असं वाटेल. वाटू दे. भिंतीवरचं मुखपृष्ठ पुढचा अंक आल्याशिवाय उतरवता येत नाही आणि आईला तिचं कॅलेंडर परत हवंय. सोमवारी संपादकांना काय सांगायचं ते तू ठरव, पण पेन्सिलची पानं मात्र माझ्या पत्त्यावर पाठव.

तुझाच शाईवाला,
बाबा