कडू प्रसाद

भाद्रपद वद्य ४, शके १८३५

भिवराकाकूंनी गोळी थुंकली — नेमकी माझ्या धोतरावर! शेजारच्या ह्याच म्हातारीनं लहानपणी मला मांडीवर घेऊन भाकरी चारली, आता ती हिवतापानं खाटेवर कुडकुडतेय. आणि म्हणते काय — "कोयनेलात चरबी असती. मरन आलं तर धरमानं येऊ दे." मोमिनाबादच्या लष्करी छावणीतून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आणलेली क्विनाइनची गोळी ती.

गोळ्या कुठं ठेवतो ते इथंच लिहितो. गळ्यातल्या चांदीच्या डबीत. आम्हा लिंगायतांच्या डबीत इष्टलिंग असतं. माझी सात वर्षं रिकामी. माझ्या किराणा दुकानात ओल फार, डबीत गोळी कोरडी राहते.

वद्य ५

आज देवाला कामाला लावलं. गोळी गुळात वळली. काकूंसमोर डबी उघडली, डोळे मिटले, ओठ हलवले — मनात हळदीचा भाव म्हणत होतो. "घ्या काकू, लिंगाचा प्रसाद."

घेतला की! तोंड वाकडं करून म्हणाल्या, "लई कडू लागतंय रुद्राप्पा. कावून?"

"ज्याच्या त्याच्या पापापरमानं लागतो."

"मग गोडच हाय," म्हणाल्या आणि गिळला.

देव सोडला तेव्हा एकच नेम धरला होता — खोटं बोलायचं नाही. तो मोडला. वाईट वाटायला हवं, हसूच येतंय.

वद्य ९

काकू उठून बसल्या, पिठलं मागितलं. आता प्रसादासाठी दुकानासमोर अख्खं चौसाळा गाव. मुंजाजी पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साखर हाय, साखर." गावात एकही पापी नाही. बरं झालं कळलं.

वद्य ११

बायको महानंदा म्हणाली, "लोक पाया पडतेत. तुमाला लाज वाटत न्हाई?"

वाटते. पण आमचा मन्मथ चार वर्षांचा होता, हाच ताप. मठाच्या गुरुलिंग स्वामींनी कपाळाला विभूती लावली, मी हात जोडून बसलो. छावणीत गोळी मिळते हे ठाऊकच नव्हतं. पोरगं गेलं. मग कपिलधारच्या पाण्यात लिंग सोडून आलो.

देव आहे की नाही हा वाद मला झेपत नाही. माणूस कण्हत असताना हात जोडून बसायचं नाही, एवढं कळतं.

वद्य १२

स्वामींचा निरोप — सोमवारी मठात, सगळ्यांसमोर डबी उघडायची. मेलो! लिंग नाही हे कळलं की जातीबाहेर. महानंदाला कुणी आडावर पाणी भरू देणार नाही. आणि माझ्या हातची गोळी कोण घेईल? अजून अकरा जण तापात आहेत.

वद्य १३

नदीतला काळा गोटा डबीत घालून पाहिला. हुबेहूब. कुणाला कळलं नसतं.

पण गोळीचं खोटं त्यांच्यासाठी होतं, हे माझ्यासाठी. गोटा फेकून दिला.

वद्य १४, सोमवार

मठ भरलेला. स्वामींनी डबी घेतली, एकट्यानंच उघडून पाहिली. आत सहा गोळ्या. मग डबी मिटून कपाळाला लावली आणि म्हणाले, "जागृत हाय. ह्यो देईल ते मुकाट घेत जा."

मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. डबी गळ्यात घालून घरी आलो.

अमावस्या

स्वामी सकाळी मागच्या दारानं आले. अंग तापलेलं. "गूळ लावू नको," म्हणाले. गोळी चावून खाल्ली. मी खवचटपणे विचारलं, "कशी लागली, स्वामी?"

माझ्याकडं न बघता म्हणाले, "कडू. तुझ्या मन्मथच्या वक्ताला माझ्यापाशी राखेबिगर काय बी नव्हतं रे. लई कडू."