डाव्या खांबाबाहेरून गेलेला चेंडू

मी, थ्रासीवुलोस देलियोस, वय वर्षे पंचावन्न, व्यवसाय वृत्तपत्राचा बातमीदार, राहणार थेसालोनिकी, वरची आळी, हे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि मला कोणीही धमकावलेले, फुसलावलेले अथवा पाजलेले नाही. बुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दृष्टीबद्दलचा दाखला कायदा मागत नाही. तो १९२८ सालीही कोणी मागितला नव्हता, आणि या कागदाचे मूळ तिथेच आहे. हृदयाविषयी डॉक्टर इतकेच म्हणाले की जिने चढू नका. माझे घर शहाण्णव पायऱ्यांवर असल्यामुळे मला अर्थ कळला.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व अंगण, माझी धाकटी बहीण एव्तेर्पी हिला द्यावे. अंगणातले अंजिराचे झाड तोडू नये. शेजारच्या निवृत्त कप्तानाने त्या झाडाविरुद्ध नगरपालिकेकडे तीन अर्ज केले आहेत. त्यांच्या नकला मी जपून ठेवल्या आहेत. त्याही तिलाच.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही एव्तेर्पीचेच. अंत्यविधीला भाषण नको. झालेच तर माझ्या संपादकांनी करू नये. त्यांनी तीस वर्षे माझी वाक्ये मधोमध तोडली. शेवटचे तरी आख्खे जाऊ द्यावे.

कलम ३. पुरातन ग्रीकचे ग्रंथ व कोश माझ्या जुन्या शाळेला द्यावेत. तिथे मला व्याकरण पुरेपूर शिकवले गेले. कबुली देणे अभ्यासक्रमात नव्हते, हा दोष शाळेचा मानू नये.

कलम ४. टेबलाच्या खणातली पितळी शिट्टी प्रोद्रोमोस हाजोग्लू याला द्यावी. हा कालामारियाच्या निर्वासित वस्तीत भट्टी चालवतो आणि सकाळी हातगाडीवरून तिळाचे गोल पाव पोचवतो. १९२७-२८ च्या हंगामात तो 'प्रोपोन्तिदा' या वस्तीतल्या क्लबाचा गोलकीपर होता.

शिट्टी का, ते सांगणे भाग आहे. त्या वर्षी साऱ्या ग्रीसची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली होती. अथेन्स-पिरेयसचे बडे क्लब महासंघावर रुसून घरी बसले होते, त्यामुळे आमच्या गावातल्या प्रत्येक क्लबाला आपण एका रात्रीत मोठे झालो असे वाटू लागले होते, अगदी दुसऱ्या गटातल्यांनाही. दुसऱ्या गटाचा शेवटचा सामना 'प्रोपोन्तिदा' विरुद्ध बंदरातला क्लब 'फारोस' असा होता. बरोबरी झाली तरी प्रोपोन्तिदा पहिल्या गटात जाणार होती. फळ्यांच्या झोपड्यांतून राहणाऱ्या त्या लोकांना गावाने दिलेली ती पहिलीच बढती ठरली असती.

नेमलेले पंच आलेच नाहीत. अशा वेळी आमच्याकडची रीत अशी की दोन्ही कप्तान प्रेक्षकांतून एक माणूस निवडत आणि त्याचा शब्द शेवटचा मानत. मी खेळाच्या नियमांचे भाषांतर केले होते, तेही इतक्या पुरातन वळणाच्या ग्रीकमध्ये की ते फक्त मलाच समजत असे. ज्याला नियम समजतात तोच पंच, असे कप्तानांचे मत पडले.

"मास्तर, तुम्हीच या," फारोसचा कप्तान म्हणाला.

"अहो, पण माझा चष्मा..."

"चष्मा आहे म्हणूनच तर म्हणतोय. विद्वान दिसता."

त्या दिवशी वर्दारिस सुटला होता. हा उत्तरेचा वारा आमच्याकडे धूळ घेऊनच येतो. गोलांना जाळी नव्हती. शेवटची पाच मिनिटे उरली तरी कोणाचाच गोल नव्हता. मग फारोसच्या लाझारोसने डाव्या बाजूने फटका मारला. हा लाझारोस म्हणजे प्रोद्रोमोसचा सख्खा चुलतभाऊ. चष्म्यावर धूळ बसलेली. मी चेंडू पाहिला नाही, खांबामागच्या बंदरवाल्यांची आरोळी ऐकली. तिलाच पुरावा मानून मी शिट्टी फुंकली.

प्रोद्रोमोस धावत आला. "अहो पंच, बाहेरून गेला! डाव्या खांबाच्या बाहेरून! आईची शपथ!"

"शपथेला नियमावलीत स्थान नाही," मी म्हणालो.

लोक हसले. मला ते हसू आवडले. हे वाक्य लिहिताना हात थांबला होता, पण ते खोडलेले नाही.

इथपर्यंत ती चूक होती. सामन्यानंतर मी भोपळ्याच्या बिया घ्यायला थांबलो. विकणारी म्हातारी देस्पिना मातीतून बिया वेचत होती.

"मोठा आला पंच! तुझ्या त्या गोलने माझं ताट उपडं केलं की रे मेल्या!"

"मावशी, तुम्ही बसला होता कुठे?"

"रोज बसते तिथेच. डोळे फुटले का तुझे?"

तिचे स्टूल अजून तिथेच होते. डाव्या खांबाच्या बाहेर, दोन पावलांवर.

म्हणजे वृत्तांत लिहिण्याआधी मला ठाऊक होते. त्या काळी मी 'ऱ्हादामान्थिस' या टोपणनावाने लिहीत असे. आमच्या पुराणात हा पाताळातला न्यायाधीश आहे. तो मीच, हे संपादकांखेरीज कोणाला माहीत नव्हते. ऱ्हादामान्थिसने लिहिले: "ऐनवेळी पाचारण केलेल्या पंचांची दृष्टी अचूक होती. प्रोपोन्तिदाच्या गोलरक्षकाने मात्र चुलतभावासाठी दार उघडे ठेवले. रक्ताचे नाते दोन खांबांत मावत नाही, हेच खरे."

त्या शेवटच्या वाक्याची मला फार घमेंड होती. ते कॅफेकॅफेतून फिरले. क्लबाने प्रोद्रोमोसला काढून टाकले. वस्तीत त्याचे नाव 'उघडं दार' पडले, आणि आज सत्तावीस वर्षांनीही त्याची हातगाडी दिसली की कोणीतरी ओरडतेच, "ए उघडं दार, दोन पाव दे!" मीही त्याचे पाव घेतो. त्या नावाने कधी हाक मारली नाही, एवढाच काय तो माझा सद्गुण.

कलम ५. 'दुरुस्ती' या मथळ्याचा माझा मजकूर सोबत आहे. वरील सर्व हकिकत त्यात माझ्या खऱ्या नावाने आहे. माझ्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी तो छापून आणावा. मेल्यावर छापण्याची व्यवस्था मला सोयीची पडते, हे मी लपवत नाही. मेलेल्याला तोंडावर कोणी काही बोलत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच जागी.

नोटरी क्लेआन्थिस वोगास यांची कचेरी कॅफेच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. मी दोनच आणले. दहा वाजता कॅफेत पाव घेऊन कोण येतो, ते मला ठाऊक होते. नोटरींनी खिडकीतून हाक मारली, "अरे, साक्षीला कोणी येतं का वर?" हाताचे पीठ पुसत प्रोद्रोमोस वर आला. समोरासमोर सांगण्याचे धैर्य नसल्यामुळे मी नोटरींकडून वाचून घेतले. चौथ्या कलमाशी त्यांचा आवाज खाली गेला. प्रोद्रोमोस उभाच होता.

"तो पेपरातला न्यायाधीश, तो तुम्ही?"

"मीच."

"आणि पंचही तुम्हीच. म्हणजे गोल तुम्हीच दिलात, आणि स्वतःची पाठही तुम्हीच थोपटलीत?"

"हो."

साक्षीला आलेले न्हावी खोकले.

"एक्केचाळीसच्या हिवाळ्यात बाबा गेले," प्रोद्रोमोस म्हणाला. "शेवटी शेवटी विचारायचे, 'आता तरी खरं सांग, लाझारोससाठी सोडलास का रे?' मी म्हणायचो, नाही बाबा. ते मान हलवायचे. कशी हलवायचे, ते मला अजून कळलेलं नाही."

मी चष्मा काढून पुसला.

नोटरी म्हणाले, "कायद्याची एक अडचण आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर शिट्टी जाईल."

"जाऊ दे. भट्टीपुढे वाजवत बसू का? सही करतो मी. पण ते पाचवं कलम खोडा."

"अरे, ते तर तुझ्याच नावासाठी..." मी म्हणालो.

"मेल्यावर नको, मास्तर. लोक म्हणतील, बिचारा भला माणूस, जाता जाता पाववाल्यावर दया करून गेला. येत्या रविवारी खाली कॅफेत उभे राहा आणि स्वतःच्या तोंडाने वाचा. मी येतो. दार मीच उघडं ठेवीन, सवय आहे मला."

"डॉक्टर म्हणतात की..."

"कॅफे तळमजल्यावर आहे. जिना नाही."

सबब कलम ५ मी स्वहस्ते खोडले आहे. रविवारी वाचणार आहे. शिट्टी एव्तेर्पीला द्यावी. अंजिराच्या शेजाऱ्यासाठी उपयोगी पडेल.

थेसालोनिकी, मंगळवार, १४ जून १९५५.

(सही) थ्रासीवुलोस देलियोस

साक्षीदार:

१. मिल्तियादीस सारांतिस, न्हावी.

२. फोतिस ग्रामेनोस, औषधविक्रेता.

३. प्रोद्रोमोस हाजोग्लू, पाववाला. चेंडू बाहेरून गेला. मी तिथे होतो.

(तिसऱ्या साक्षीदाराने सहीपुढे मजकूर लिहिला आहे. तो नियमाला धरून नाही. खोडू नये, अशी मृत्युपत्रकर्त्याची विनंती आहे. खोडलेला नाही. – क्ले. वोगास, नोटरी.)