आईने निळा कप लपवला

ग्रानोसेन, १४ नोव्हेंबर १९३८

चि. टीरा हिस एस्किलदादाचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक.

काल तुझा कार्यक्रम ऐकला. ऑगस्टात तू ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन घरी आलीस तेव्हा मी जंगलात लाकूडतोडीवर होतो. लेक रेडिओवर आईशी बोलणार, म्हणून मी गिरणीवरून बॅटरी भरून आणली आणि अर्धं गाव बोलावलं. आई नको नको म्हणत होती. मला वाटलं, लाजते. तरी तिने रीतीप्रमाणे सात प्रकारची बिस्किटं भाजली.

आणि तू विचारलंस, "बाई, आपलं नाव काय?" आईने सांगितलं. कुरणावरच्या गुरांना साद कशी घालते तेही करून दाखवलं आणि शेवटी तुला बाईसाहेब म्हणाली. शेजारच्या ओटीलियाने विचारलं, ही आपली टीराच ना? आई म्हणाली, रेडिओवर सगळ्यांचे आवाज सारखेच येतात. मग एकेक जण उठून घरी गेला. आपल्या घरात बिस्किटं उरली, असं पहिल्यांदाच झालं.

आडनाव बदललंस तेव्हा मी गप्प बसलो. हे का केलंस, तेवढं कळव.

एस्किलदादा

स्टॉकहोम, २० नोव्हेंबर १९३८

ती. दादास टीराचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कचेरीत कोणाकडे बघवेना. अकरा वर्षांपूर्वी हवामानाच्या बातम्या वाचायला मला घेतलं, तेव्हा साहेबांनी घरची चौकशी केली. त्या काळी चांगल्या घरच्या मुलींनाच घेत. मी ठोकून दिलं की वडील पाद्री होते आणि आईवडील दोघंही वारले. होय दादा, आई वारली असं सांगितलं.

त्यानंतर मी बढती घेत गेले. गाडी घेऊन खेडोपाडी फिरणारी, कोळ्यांना आणि गवळणींना रेडिओवर आणणारी पहिली बाई म्हणून माझे फोटो छापून आले. साध्या माणसांना मान द्यायला मी देशाला शिकवलं म्हणे. वाचताना अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आपल्या गावी मला साहेबांनीच पाठवलं. तंत्रज्ञ मागे तारा घेऊन उभा होता. आई दारात आली ती माझा लहानपणचा निळा कप हातात घेऊनच. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नमस्कार, मेर्ता बाकलुंड आपणच का?" तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि कप पदराआड करावा तसा एप्रनखाली लपवला. मग मला पाहुण्यांच्या कपात कॉफी दिली. मला लाज वाटते, दादा. दुसरा शब्द नाही.

नाताळच्या सकाळचा कार्यक्रम थेट असतो, मधलं काही कापता येत नाही. आईचं नाव घेऊन ती माझी आई आहे, असं सांगणार. नोकरी गेली तर जाईल. गावाला पुन्हा बोलाव.

तुझ्या रागालाही पात्र नसलेली,
टीरा

ग्रानोसेन, ३ डिसेंबर १९३८

चि. टीरा हिस आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. वारल्याचं वाचताना अडखळलो, तर म्हणाली, वाच पुढे. एका वाक्यापायी अकरा वर्षांचं काम घालवू नकोस, असं तिने कळवायला सांगितलंय. पण कार्यक्रम किती वाजता, हे मला तीनदा विचारून झालंय, आणि निळा कप घासून खिडकीत ठेवलाय. तू बोलच. बॅटरीचं मी बघतो.

एस्किलदादा

ग्रानोसेन, २६ डिसेंबर १९३८

चि. टीरा हिस,

काल तू "उत्तरेकडे माझी" एवढं म्हणालीस आणि थांबलीस. आई पुढे वाकली. मग तू उत्तरेकडच्या एका गुणी गवळणबाईंना शुभेच्छा दिल्यास आणि ऑर्गन सुरू झाला.

गावातलं कोणी नव्हतं. पहाटे मी बोलवायला निघालो तर आई माझे बूट हातात घेऊन दारात उभी. म्हणाली, "तिला जमलं नाही तर? आपण दोघंच ऐकू."

कार्यक्रम संपल्यावर तिने स्वतः रेडिओ बंद केला आणि निळा कप कपाटात ठेवला. मग मला पत्र लिहायला बसवलं. वरचं सगळं मी तिला न सांगता लिहिलंय; तिने सांगितलेला मजकूर एवढाच.

बॅटरी उतरली होती. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. तू नक्की बोलली असशील.

आईचा लोभ आहेच, तो कशानेच कमी होत नाही. माझं विचारू नकोस.

एस्किल