गाडी आईला, नारळ डिकीला

मी, कु. दर्शना शिवराम गोताड, वय चोवीस पूर्ण, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणे, राहणार मौजे आडकोंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी तब्येत उत्तम आहे, डोके ठिकाणावर आहे आणि मन आनंदात आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. माझे काका श्री. महिपत गोताड यांनी थोडे आणून पाहिले. त्याचा उल्लेख योग्य जागी येईल.

हे वाचून कोणी घाबरू नये. मला काहीही झालेले नाही. ग्रामपंचायतीत कायद्याचे शिबिर झाले, त्यात वकील मालिनीताई आगाशे म्हणाल्या, "ज्याच्या नावावर काही आहे त्याने मृत्युपत्र करावे. वयाचा त्याच्याशी संबंध नाही." तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या घरातील जमीन अजून पणजोबांच्या नावावर आहे, घर कोणाच्या नावावर आहे ते कोणीच सांगू शकत नाही आणि स्वतःच्या नावावर काही असलेली घरात मी एकटीच आहे. ते म्हणजे सात माणसे बसणारी पांढरी व्हॅन.

मी लिहायला बसले तेव्हा आई, सौ. जनी, म्हणाली, "तिन्हीसांजेचं काय गो अभद्र लिवतेस?"

"आई, हे विम्यासारखं असतं."

"मंग विमा म्हन ना सरळ!"

म्हणून घरात या कागदाला विमा म्हणतात. कोर्टाने मात्र मृत्युपत्रच समजावे.

कलम १. जर माझ्या आईने परवाना मिळवला, तर माझी गाडी तिची, नाहीतर रितेशची.

हे कलम सर्वांत लहान असले तरी घरात भांडण यावरूनच झाले. रितेश माझा धाकटा भाऊ. त्याने स्वतः काही मागितलेले नाही. तो म्हणाला, "ताई, मला गाडी नको, ते चार्जिंगचं भोक दे." पण काकांचे म्हणणे असे, की गाडी पुरुषमाणसाच्या नावावर शोभते. मला कलम फक्त आईच्या नावाने लिहायचे होते. काका म्हणाले, "तुझ्या आयशीकडं लायसन हाय काय? नाय ना? मंग गाडीला काय ती दावं बांधून वडणार?" आईकडे परवाना नव्हता हे खरेच, म्हणून 'जर', 'तर' आणि 'नाहीतर' या तीन शब्दांना मी जागा दिली. ते मला अजून खुपतात.

काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रीतीप्रमाणे ते आईशी थेट बोलत नाहीत. आई समोर उभी असली तरी "तुझ्या आयशीला सांग" असे मलाच सांगतात. आईसुद्धा पदर सारखा करून मलाच उत्तर देते. त्यामुळे या कलमावरचे सगळे भांडण मी दोन्ही बाजूंनी एकटीने केले आहे.

कलम २. गाडी आईलाच का, याचे कारण नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला शंका राहणार नाही.

गेल्या माघात आम्ही हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. गाडी चालवायला मी, शेजारी आई, मागे रितेश आणि काका. देवाचा नारळ काकांनी समोर काचेखाली ठेवला. मी म्हटले, "काका, तो डिकीत ठेवूया, इथून घरंगळेल."

"देवाचा नारल डिकीत? त्याला काय तू कांद्याचं पोतं समजलीस?"

परत येताना तवसाळच्या धक्क्याकडे उतार लागतो. तिथून जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे जयगडला नेणारी बोट, सुटते. शेवटच्या वळणावर नारळ पडला, लोळत आला आणि ब्रेकच्या पेडलखाली बसला. मी ब्रेक दाबला. पेडल खाली जाईना. समोर गाड्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी एक बाई माशांची टोपली मांडून उभी. मी गिअर खाली टाकला आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

आईने हँडब्रेक धरला. एकदम खेचला नाही. टोकाचे बटण दाबून ठेवून थोडा थोडा वर घेत गेली, जसा मी एकदा रिकाम्या मैदानावर करून दाखवला होता. गाडी टोपलीच्या अलीकडे थांबली. ती बाई जागची हलली नाही. एवढेच म्हणाली, "काय गो, थेट मांडीवर येऊन बसतेस काय?"

काका हात जोडून म्हणाले, "देवाच्या नारलानं वाचवलं!"

यावर आई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी न बोलता हवेत बोलली. "नारलानं अडवलं. वाचवलं मी."

मग मला म्हणाली, "रोज तुझा हात बगते मी. कासराच हाय तो. बैल उतारावर कसा धरतात? हिसका मारलास तर गाडी आडवी जाते." आणि जयगडला उतरेपर्यंत तिने ठरवून टाकले होते, "मला शिकव."

कलम ३. गाडी ज्याच्या हाती जाईल त्याने खालील गोष्टी पाळाव्यात. या मी पुस्तकातून घेतल्या असल्या तरी खात्री आमच्या घरात झाली आहे.

आरसा हा मागचा रस्ता बघण्यासाठी आहे. आई बसल्याबरोबर तो वळवून कुंकू बघते. बघावे, पण परत वळवावा. आई उंचीने कमी आहे, तेव्हा आधी आसन पुढे घ्यावे, क्लच पूर्ण दाबून बघावा आणि मग आरसे लावावेत. आधी आरसे लावून मग आसन सरकवले तर आरशात फक्त छप्पर दिसते.

सरकते दार उघडले की शेवटपर्यंत नेऊन अडकवावे. गाडी उतारावर उभी असेल तर अर्धे उघडलेले दार आपोआप परत येते आणि बोटांची वाट बघत नाही. लहान मुले मागे असतील तेव्हा दाराच्या कडेचा छोटा खटका खाली करावा, म्हणजे दार आतून उघडत नाही. आपण उतरून बाहेरून उघडावे. राणी-महाराणीसारखे वाटते, मुलांना आवडते.

पावसात काच आतून धुरकट झाली तर चालत्या गाडीत फडक्याने पुसू नये. एसी लावावा, वारा काचेकडे वळवावा. काका एसीला चैन म्हणतात. पावसात ती चैन नव्हे, नजर आहे.

मागे घेताना गाडी टी-टी वाजते. आवाज सलग झाला की थांबावे. विश्वास आवाजावर ठेवावा, मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणाऱ्यावर ठेवू नये. "येऊ दे, येऊ दे" म्हणत काकांनी मला एकदा गोठ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, घातले. गडग्याचे चिरे काकांनी परत रचले, गाडीचा पोचा अजून आहे. तो पोचा काढू नये, पुरावा आहे.

लाल त्रिकोणाचे बटण दाबले की चारी दिवे लुकलुकतात. त्याचा अर्थ 'गाडी बंद पडली आहे, जपून या' असा आहे. 'मला सरळ जायचे आहे' असा नाही. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिले असते, पण कागद कोर्टात जाणार आहे. कारण असे: आईच्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी काका मला म्हणाले, "तुझ्या आयशीला सांग, सरळ जायचं असंल तर चारी लायटी लावायच्या. मुंबयचे टॅक्सीवाले तसंच करतात." मी सांगितले नाही. पण आई तिथेच होती. दुसऱ्या दिवशी मैदानावर ती सुंदर गाडी चालवत चौकापर्यंत गेली आणि सरळ जायचे म्हणून तिने त्रिकोण दाबला. आरटीओच्या साहेबांनी विचारले, "मावशी, गाडी बंद पडली का?" आई म्हणाली, "नाय साहेब, सरळ चालली." ती नापास झाली. काकांनी त्या दिवशी दोनदा जेवायला नाही म्हटले. हा हिशेब मी इथेच मिटवते.

कलम ४. आमच्या वाडीत शुभकामाआधी गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने साकडे, घालायचा मान काकांचा; बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. गाडी सुरू करताना ते देवाला सगळे सांगायचे, गाडीबद्दल काही सांगायचे नाहीत. माझ्या सूचना तर कोणीच ऐकत नव्हते, पट्टा लावा म्हटले की "हितंच तर जायचंय" म्हणायचे. मग आईने दोन्ही एकत्र केले. बाईने गाऱ्हाणे घालू नये असे काकांचे मत होते, पण देवळातल्या गाऱ्हाण्याला उत्तर द्यायची लहानपणापासूनची सवय इतकी, की त्यांच्या तोंडून आपोआप 'व्हय' निघाले. ते गाऱ्हाणे मी इथे उतरवते. हे माझ्या मालकीचे नाही, आईचे आहे. पण गाडीसोबत जावे.

"बा देवा म्हाराजा, वाडीच्या राखनदारा, ही लेकरं तुजं नाव घेऊन गाडीत बसलीत."
"व्हय म्हाराजा!"
"सगळ्यांचे पट्टे लागले काय?"
"व्हय म्हाराजा!"
"पदर, ओढन्या, पोरांची बोटं दारातनं आत आली काय?"
"व्हय म्हाराजा!"
"दार खट वाजलं काय?"
"व्हय म्हाराजा!"
"आरशात रस्ता दिसतो, का नुसतं कुकू?"
"रस्ता म्हाराजा!"
"पायाखाली चप्पल, बाटली, नारल कायेक नाय ना?"
"नाय म्हाराजा!"
"मंग सोडते हँडब्रेक. आमची वाट सरळ ठेव, नि समोरून येनाऱ्याला पन बुद्धी दे."
"व्हय म्हाराजा!"

उत्तर न देणाऱ्यासाठी गाडी सुटत नाही. ही अट कायम ठेवावी.

कलम ५. बाकी वस्तू. पोस्टातील बचत आई आणि भाऊ, म्हणजे माझे वडील, यांना समान. भाऊ मुंबईला कंपनीच्या कँटीनमध्ये आहेत. त्यांना माझी पदवी घेतानाची फोटोफ्रेमही द्यावी, कारण मोबाईलवर दाखवून दाखवून त्या फोटोवर ओरखडे पडलेत असे ते म्हणतात. लॅपटॉप आणि गाडीतील चार्जिंगचे भोक रितेशला. भोक वापरताना वायर गिअरभोवती गुंडाळू नये. माझे डोळे दान करावेत. पुस्तके वाडीतील मुलींना.

आणखी एक. वाडीतली कोणीही मुलगी परीक्षेला जायची असेल, कोणी बाई अडलेली असेल, तर गाडीने आधी त्यांना न्यावे. माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या पेपरला एसटी आली नव्हती आणि मी एका टेम्पोत बर्फाच्या पेट्यांवर बसून गेले होते. पेपर चांगला गेला, पण हात गार पडल्यामुळे अक्षर वाईट आले.

माझे लग्न अजून ठरलेले नाही. ठरले तरी कलम १ बदलणार नाही, हे होणाऱ्या मंडळींनी आधीच वाचून घ्यावे.

कलम ६. श्री. महिपत गोताड यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. मी त्यांना नारळ ठेवायची कापडी पिशवी, डिकीतल्या हुकाला अडकवायच्या बंदासकट, देणार होते. पण मालिनीताई म्हणाल्या, साक्षीदार असा असावा ज्याला काही मिळणार नाही. काकांनी लगेच सांगितले, "मला कायेक नको, मी साक्षीदार." 'नाहीतर' जागेवर राहते की नाही हे त्यांना स्वतः बघायचे आहे असा माझा अंदाज आहे. पिशवी गाडीतच राहील. देवाचा नारळ यापुढे त्या पिशवीत, पिशवी डिकीत.

इथपर्यंतचा मजकूर मी काल पुरा केला. यापुढचा आजचा आहे.

आज आईची दुसरी परीक्षा होती. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. आईने आसन पुढे घेतले, आरशात कुंकू बघितले, आरसा परत वळवला. तिचे ओठ हलत होते. हँडब्रेक सोडायच्या वेळी माझ्या शेजारून हळूच आवाज आला, "व्हय म्हाराजा." मी वळून बघितले तर काका रस्त्याकडे बघत होते. आई चौकात आली, सरळ गेली, एकही दिवा न लावता. चढावर थांबली आणि पुन्हा निघाली तेव्हा गाडी बोटभरही मागे आली नाही. साहेब उतरताना म्हणाले, "पास, मावशी. पण ते मघाशी काय म्हणत होतात?" आई म्हणाली, "विमा."

काका गाडीपाशी गेले. खिडकीशी थांबले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जने, बरी चालवलीस." आईने पदर सारखा केला आणि तिनेही मला न सांगता त्यांना सांगितले, "बसा पुढं. पट्टा लावा."

सबब, खाडाखोडीची नोंद: कलम १ मधील 'जर', 'तर' आणि 'नाहीतर रितेशची' एवढे शब्द मी आज स्वखुशीने खोडले आहेत, त्यावर माझी सही आहे. रितेशने खोडण्यासाठी स्वतःचे पेन दिले. आता ते कलम असे वाचावे: माझ्या आईने परवाना मिळवला, माझी गाडी तिची.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समक्ष सही करून दिले आहे आणि साक्षीदारांनी माझ्या समक्ष सही केली आहे. ते कधी उपयोगात यायची घाई कोणालाही नसावी.

सही: दर्शना शिवराम गोताड

साक्षीदार १: अॅड. मालिनी आगाशे, रत्नागिरी

साक्षीदार २: महिपत बाबाजी गोताड, आडकोंड (सही शेवटी हलली आहे, कारण पट्टा लावून पुढे वाकता येत नाही आणि पट्टा काढायला चालक परवानगी देत नाही.)

दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

ठिकाण: रत्नागिरी, आईच्या मागे, गाडीची शेवटची ओळ. इथून हँडब्रेकपर्यंत माझा हात पोचत नाही.