हिऱ्यातला काळा डाग

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे आणि वेळेवर जेवते, हे आधी आईला सांगा.

इथल्या कारखान्यात पैलूंचे कोन मी आखून दिलेला पहिला हिरा घडून आला. दिव्याखाली लखलखत होता. आमच्या एका वयस्कर कारागिरांनी तो खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरला, तर मधोमध काळा दिसला. "पोरी, बघणाऱ्याला डोकं असतं, हे विसरलीस!" ते म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

वाकून पाहणाऱ्याचं डोकं वरचा उजेड अडवतं. माझे कोन नेमके त्याच उजेडाच्या भरवशावर होते. आता दुसरा खडा मिळाला आहे. त्याच्या खालच्या बाजूच्या पैलूंचे कोन किंचित वाढवले आहेत, म्हणजे बाजूचा उजेडही आत येईल. हा जमला तर नोकरी कायम. नाहीतर महिनाअखेरीस मी घरी.

हे कोन ठरवताना पेपर नाकाला लावून वाचणारे तुम्ही आठवत होतात. तुम्ही कितीही जवळून पाहिलंत, तरी हा हिरा काळा पडू नये.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख खरंच घेतलीत, की आईला नुसतं "घेतो" म्हणालात? माझं होतं ते सगळं मी लिहिलं. आता तुम्हीही लिहा.

तुमची,
धाकटी