तरवडाची फुलं

४ मे २०२५, रविवार
आजही झाड रिकामं! काल संध्याकाळी अकरा फुलं होती.
टँकर आठवड्यातून दोनदाच येतो, गुलाब-जास्वंद सगळं वाळलं. म्हणून तंजावरच्या रस्त्याकडेच्या तरवडाचं बी आणून परसात लावलं. पाणी मागत नाही, उन्हाला जुमानत नाही. दोन वर्षं वाट बघितली — पिवळंधमक फुललं, आणि आता हे.

६ मे
सुंदरीच असणार. सहा वर्षं धुणीभांडी करतेय, येते परसातूनच. इथं मैलापुरात देवळाबाहेर फुलांना गिऱ्हाईक काय कमी? ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, फुलंच ना, जाऊ दे.

९ मे
तिच्या पिशवीत बघितलं. डबा, कंगवा. फुलं नाहीत. हुशार आहे.

१२ मे
विचारलंच आज. ती फरशी पुसत होती. तिनं आधी समोर बसलेल्या ह्यांच्याकडे बघितलं, मग खाली. मी घेतली नाहीत अम्मा, म्हणाली. मग कोणी? — ती पुन्हा फरशी पुसायला लागली. न कळायला मी काय खुळी आहे? उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. पदराला हात पुसून गेली.

१५ मे
सुंदरी नाही. फुलंही नाहीत.

१६ मे
सकाळी सहा वाजता मोरीच्या खिडकीशी उभी राहिले. हे आले. इकडेतिकडे बघत फुलं खुडून रुमालात बांधली. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिथंच पायरीवर बसले.
मग सांगितलं: जानेवारीत ऑफिसात तपासणी झाली. उपाशीपोटी साखर दोनशे नव्वद. कोणीतरी सांगितलं, ही फुलं उकळून प्या. तेव्हापासून ऑफिसात काढा — आधी विकतच्या वाळक्या फुलांचा, आता झाडाच्या. गोळ्या नाहीत, डॉक्टर नाही.
"साखरेमुळं तुझ्या वडिलांचा पाय काढला तेव्हाचा तुझा चेहरा पाहिलाय मी," म्हणाले. "तो परत बघायचा नव्हता."
मी रागावणार होते. रडले.

१७ मे
डॉक्टर फार बोलले. मूत्रपिंडाला थोडा धक्का बसलाय. गोळ्या आजपासून. वेळेत आलात, असंही म्हणाले.

१८ मे
सुंदरीकडे गेले, माफी मागायला. तिला सगळं आधीच माहीत होतं. तिनं ह्यांना फुलं खुडताना पाहिलं होतं. अम्माला सांगू नको, घाबरेल, असं ह्यांनीच तिला विनवलं होतं.
म्हणजे मी तिला चोर ठरवत होते तेव्हा हे तिथंच बसले होते, सगळं जाणून.
परत ये म्हटलं. तिनं मान हलवली — नाही. मग दारापर्यंत आली आणि ह्यांच्याबद्दल विचारलं, "सार गोळ्या घेतायत ना?"