खिळ्यावरचा बिल्ला

आई,

तुले अन् बाबाले जयभीम. मी बरी आहो, स्वेटर रोज घालते. तुये गुडघे कसे आहेत? सोयाबीन निघालं का?

सीमेवरच्या जुन्या पलटणींच्या बिल्ल्यायवर माहं काम चालू आहे. येथं खालच्या तळावर एक रीत आहे. वरच्या चौकीवर जाणारा जवान टोपीचा बिल्ला काढून दाराजवळच्या खिळ्यावर टांगते, अन् परत आला की सोताच काढून घेते. दुसरं कोणी त्याले हात लावत नाही. जे न्याले कोणी आलंच नाही, ते बिल्ले तिथंच काळे पडले. मी त्यायचाच इतिहास लिहून राह्यली.

आपला नागसेनभाऊ मागच्या हप्त्यात बिल्ला टांगून वरच्या चौकीवर गेला. जाताना हसत होता. तुह्या हातचे लाडू त्यानं साऱ्यायले वाटले. वर टावर नाही, म्हणून फोन लागत नाही. तू उगाच जागत बसू नको.

त्याच्यासंगचे काल परत आले अन् आपापले बिल्ले घेऊन गेले. नागसेन मागून येऊन राह्यला म्हणतात. पण बोलताना माह्याकडे कोणी पाहत नाही.

आज त्याच्या बिल्ल्यावर धूळ दिसली. पुसाले हात नेला, अन् मागं घेतला. तो त्यानंच काढायचा आहे, आई.

तुयी,
मनाली